संविधानाच्या पानांवरचा चित्रकार मास्तर

२६ नोव्हेंबरला गावोगावच्या बुद्धविहारांत, शाळांत आणि कार्यालयांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. भोवताली सुंदर नक्षी असलेली ती उद्देशिका आज आपल्या हजारो घरांत चौकटीत लावलेली दिसते. तिचा मजकूर कोणत्या विचारातून आला, हे चळवळीतला लहान पोरगाही सांगेल. पण ती नक्षी कोणी काढली, मूळ हस्तलिखित प्रतीत आणखी किती चित्रे आहेत आणि ती कोणाच्या देखरेखीखाली तयार झाली, असे विचारले तर आपले अनेक जुने कार्यकर्तेही गप्प होतात. भंडारा जिल्ह्यातील प्रबोधन शिबिरांत आम्ही हा प्रश्न अनेकदा विचारून पाहिला आहे.

ही माहिती नसणे आता परवडणारे नाही. आपण ज्या चित्रांकडे पाहिले नाही, ती चित्रे हाती घेऊन दुसरे लोक संविधानाचा अर्थ सांगू लागले आहेत. ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच १ जानेवारी १९९३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तेथे दर्शनाला परवानगी दिली आणि त्या निकालात संविधानाच्या मूळ प्रतीतील रामाच्या चित्राचा आधार घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने बाजारातल्या संविधानाच्या प्रतींत ही चित्रे नसतात म्हणून तक्रार केली, आणि तत्कालीन सभापतींनी बावीस चित्रांची प्रत हीच अस्सल, असा सूर लावला. म्हणून या चित्रांचे जनक नंदलाल बोस यांचे जीवन आणि कार्य वाचकांपुढे ठेवणे आम्हांला गरजेचे वाटते. नंदलाल आपल्या चळवळीचे नव्हते. पण ते मोठे चित्रकार होते, त्याहून मोठे शिक्षक होते, आणि त्यांच्या कामाचा वारसा कोणाकडे जावा हा प्रश्न आपला आहे.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूर येथे झाला. घराणे बंगाली कायस्थ. वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणी देवींच्या हातात कसब होते. घरातच मुलाला हस्तकलेची गोडी लागली. पण त्याची खरी पहिली शाळा म्हणजे गावातले मूर्ती घडवणारे कारागीर. माती मळताना, तिला आकार देताना, रंग देताना तो त्यांच्याजवळ बसून राही. ज्यांना वरच्या जातींनी कधी विद्वान मानले नाही, त्या कष्टकरी हातांकडून हा मुलगा पहिले धडे शिकला, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

पुढे शिक्षणासाठी तो कलकत्त्याला आला. पुस्तकी अभ्यासात त्याचे मन रमले नाही. एफ. ए.च्या परीक्षेत तो नापास झाला. वाणिज्य शाखेचा प्रयत्न करून पाहिला, तोही जमला नाही. अखेर १९०५ मध्ये त्याने कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे ई. बी. हॅवेल प्राचार्य होते आणि अवनींद्रनाथ ठाकूर शिक्षक होते. त्या काळी कलाशाळेत युरोपीय चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकला करणे म्हणजेच शिक्षण, असा समज होता. हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांनी त्याला फाटा देऊन भारतीय चित्रपरंपरेकडे विद्यार्थ्यांना वळवले. तेच वर्ष बंगालच्या फाळणीचे आणि स्वदेशी चळवळीचे. नंदलाल यांची कला आणि त्यांचे राजकीय भान एकाच हवेत वाढले.

बौद्ध वाचकांच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा टप्पा १९०९ साली आला. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे नंदलाल, असितकुमार हालदार आणि त्यांचे काही सहकारी त्या कामासाठी अजिंठ्याला आले. लेण्यांत अंधार, वटवाघळांची घाण, भिंतींवरचा रंग ठिकठिकाणी उडालेला. अशा जागी बसून या तरुणांनी बोधिसत्त्वाच्या हातातल्या कमळाची, जातककथांतल्या राजा-राणींची, दासींची, हत्ती-हरणांची एकेक रेषा उतरवून घेतली. या प्रतिकृतींचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. नंदलाल यांच्या हातात जी लयदार रेषा आली, ती पुढे आयुष्यभर टिकली. ती रेषा भिक्खूंच्या संघाने जपलेल्या लेण्यांतून आली आहे. १९२१ मध्ये त्यांनी मध्य भारतातील बाघ येथील बौद्ध लेण्यांतील चित्रांच्याही प्रतिकृती केल्या. ज्या कलेला पुढे राष्ट्रीय कला म्हणून गौरवले गेले, तिच्या मुळाशी बौद्ध कला आहे, ही गोष्ट कलेच्या इतिहासाची पुस्तके नोंदवतात. सभा-समारंभात मात्र ती कोणी सांगत नाही.

१९१९ साली रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. काही वर्षांतच नंदलाल त्याचे प्रमुख झाले आणि १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती संस्था घडवली. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मास्तर. चित्रकार म्हणून देशभर नाव झालेल्या माणसाने मास्तर ही ओळख अंगावर अभिमानाने वागवली. मुंबई-कलकत्त्यात राहून श्रीमंतांची तैलचित्रे रंगवली असती तर पैसा मिळाला असता. त्यांनी खेड्यातली शाळा निवडली.

त्यांची शिकवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कित्ता पुढे ठेवून गिरवून घेणे त्यांना मान्य नव्हते. विद्यार्थ्याने वही घेऊन बाहेर पडावे, झाड, बैल, बाजार, शेतात वाकलेली बाई पाहावी, आणि पाहिलेले काढावे. संविधानाच्या प्रतीवर सारनाथच्या अशोकस्तंभाची सिंहमुद्रा रेखाटायची होती, तेव्हा ते काम त्यांनी दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्यावर सोपवले. भार्गव हे आपल्या विदर्भाला लागून असलेल्या बैतुल जिल्ह्यातील मुलताईचे. दगडातल्या सिंहाची नक्कल करण्याआधी खरा सिंह कसा बसतो, कसा पाहतो ते समजले पाहिजे, म्हणून मास्तरांनी त्यांना कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात सिंहांचे निरीक्षण करायला पाठवले होते. आधी पाहणे आणि मग काढणे, हा धडा बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या पद्धतीशी जुळणारा आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, ही तर तथागतांची कालामांना दिलेली शिकवण.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांची यादी मोठी आहे. त्यांतल्या दोघांची नावे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावीत. रामकिंकर बैज हे बांकुडा भागातील गरीब न्हावी कुटुंबातले. असहकार चळवळीच्या काळात पुढाऱ्यांची चित्रे रंगवणारा हा तरुण १९२५ मध्ये शांतिनिकेतनात आला. नंदलाल यांनी त्याला आपल्या पद्धतीने काम करण्याची मोकळीक दिली. १९३८ साली रामकिंकर यांनी सिमेंट आणि खडी वापरून संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प उभे केले. डोक्यावर-खांद्यावर संसार घेऊन निघालेले आदिवासी स्त्री-पुरुष, पोर आणि कुत्रा. त्या काळात पुतळे राजांचे आणि लाटसाहेबांचे होत. मजुरी करणाऱ्या आदिवासी कुटुंबाला एवढ्या उंचीवर ठेवणारा शिल्पकार या मास्तरांच्या शाळेतून निघाला. दुसरे बिनोदबिहारी मुखर्जी. जन्मापासून त्यांची दृष्टी अधू होती. अशा मुलाला चित्रकार होता येईल का, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. मास्तरांनी त्याला सामावून घेतले आणि त्याच बिनोदबिहारींनी पुढे शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात कबीर, रविदास यांसारख्या संतांच्या जीवनावरचे मोठे भित्तिचित्र केले. सत्यजित राय हेही काही काळ तेथे विद्यार्थी होते. आपल्या महाराष्ट्रातले विनायक मासोजी हे तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले.

नंदलाल हे पुस्तकांचे आणि छापील चित्रांचेही मोठे कलावंत होते. १९३० मध्ये रवींद्रनाथांचे सहज पाठ हे बंगाली अंकलिपीचे पुस्तक निघाले, त्यात नंदलाल यांची लिनोकट चित्रे आहेत. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरायचे, शाई फासायची, कागदावर दाबायचे, अशी ही स्वस्त आणि सोपी पद्धत. बंगालच्या पिढ्यान्पिढ्या त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांकडे बघत अक्षरे शिकल्या. त्याच सुमारास त्यांनी कारुसंघ नावाने कलावंतांचा आणि कारागिरांचा सहकारी संघ उभा केला. कला ही दिवाणखान्याची मिरासदारी होऊ नये, चित्रकाराला पोट भरता यावे आणि साध्या माणसाच्या घरात चांगली वस्तू जावी, असा त्यामागचा विचार होता.

१९३० सालीच त्यांनी दांडी यात्रेतल्या गांधींचे, हातात काठी घेऊन चालणारे, लिनोकट चित्र केले. मोजक्या पांढऱ्या रेषा आणि काळी पार्श्वभूमी. ते चित्र देशभर पोहोचले आणि दांडी यात्रेची ओळख होऊन बसले. येथे आम्हांला एका तारखेची आठवण करून द्यायची आहे. दांडी यात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. हजारो स्त्री-पुरुष रामकुंडाच्या परिसरात जमले होते. दोन्ही लढे एकाच महिन्यातले. एका लढ्याला नंदलाल मिळाले आणि त्याचे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आहे. काळाराम सत्याग्रहाचे तेवढ्या ताकदीचे चित्र आपल्या घराघरांत नाही. यात नंदलाल यांचा दोष काढण्याचे कारण नाही. पण लढ्याला चित्र मिळाले की तो स्मरणात कसा राहतो, हे यातून कळते.

काँग्रेसशी त्यांचा संबंध १९३६ मध्ये अधिक जवळचा झाला. त्या वर्षी लखनौ अधिवेशनात त्यांनी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. मंडप, प्रवेशद्वारे आणि सजावटीचे काम गांधींनी नंदलाल यांच्यावर टाकले. आपण चित्रकार आहोत, बांधकामाचे जाणकार नाही, ही अडचण त्यांनी सांगितली. पण काम स्वीकारले. गावात मिळणारा बांबू, चटया, गवत, माती यांतून त्यांनी सारे नगर सजवले. बाहेरून महागडे सामान आणले नाही. आज आपल्या जयंत्यांना भाड्याचे थर्माकोलचे मखर आणि फ्लेक्स लावण्यात जो पैसा जातो, तो पाहताना फैजपूरचे उदाहरण आठवावे.

१९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. त्यासाठी नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे चारशे चित्रफलक तयार केले. त्यांतले ऐंशीहून अधिक स्वतः नंदलाल यांच्या हातचे. हातकागद, मातीचे रंग, जाड आणि झपाट्याची रेषा. विषय कोणते? ढोल वाजवणारा, कापूस पिंजणारा, शिंपी, कांडण करणाऱ्या बाया, बैल आवरणारा शेतकरी, कुस्ती खेळणारे मल्ल. पुढारी किंवा देवदेवतांपेक्षा हातांनी काम करणारी माणसे या फलकांवर जास्त होती. भारताच्या राजकीय सभेच्या मांडवात कष्टकरी माणूस एवढ्या मानाने मांडला गेला, ही मोठी गोष्ट आहे.

त्याच महिन्यात, हरिपुऱ्याच्या आठवडाभर आधी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, अशी स्पष्ट मांडणी त्यांनी तेथे केली. हरिपुऱ्यात कष्टकऱ्याचे चित्र होते, मनमाडला तोच कष्टकरी स्वतः उभा होता आणि आपल्या जातीमुळे आपल्याला कोणते काम मिळते, कोणते नाकारले जाते, याचा हिशेब मागत होता. नंदलाल यांच्या फलकांवरचा शिंपी, पिंजारी, वादक देखणा आहे. पण जातीने त्याला त्या कामाशी जखडले आहे, हे त्या चित्रात कुठेच दिसत नाही. गांधीवादी विचाराची जी मर्यादा बाबासाहेबांनी दाखवून दिली, तीच मर्यादा या चित्रांत उतरली आहे. कष्टाचा गौरव करणे आणि कष्टकऱ्याला जातीतून मोकळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रमाला मान देणारा कलावंत म्हणून नंदलाल यांना आम्ही आदर देतो. पण मुक्तीचा विचार त्यांच्याकडे शोधायचा नाही, हेही सांगतो.

बुद्ध मात्र त्यांच्या कामातून कधी गेला नाही. १९२६ मध्ये रवींद्रनाथांनी नटीर पूजा हे नाटक लिहिले. श्रीमती नावाची राजवाड्यातली नर्तकी राजाज्ञा मोडून बुद्धाच्या स्तूपापुढे वंदना करते आणि त्यासाठी प्राण देते, अशी ही जुनी बौद्ध कथा. नंदलाल यांची कन्या गौरी हिने श्रीमतीची भूमिका केली होती. याच विषयावर नंदलाल यांनी १९४२ मध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनात आणि १९४३ मध्ये बडोद्याच्या कीर्तिमंदिरात भित्तिचित्र केले. कीर्तिमंदिर बांधले सयाजीराव गायकवाडांनी, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या बडोद्यात १९१७ मध्ये बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, त्याच शहराच्या राजघराण्याच्या स्मारकात एका हलक्या मानलेल्या स्त्रीची बुद्धनिष्ठा भिंतीवर कोरल्यासारखी उभी आहे. बडोद्याला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी संकल्पभूमीबरोबर हे चित्रही पाहून यावे.

१९४३ हेच बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. नंदलाल यांनी त्या वर्षी अन्नपूर्णेचे चित्र केले, त्यात तिच्यापुढचा शिव हाडांचा सापळा आहे. देवाच्या गोष्टीतून त्यांनी भुकेचे सत्य सांगितले. त्याच दुष्काळात चित्तप्रसाद नावाचा तरुण कम्युनिस्ट चित्रकार मेदिनीपूरच्या खेड्यांतून पायी फिरला, मरणाऱ्या माणसांची रेखाटने केली आणि ती पुस्तकरूपाने छापली. सरकारने त्या प्रती जप्त करून जाळल्या. नंदलाल यांचे चित्र कोणी जाळले नाही. पुराणाच्या पडद्याआडून बोलणे आणि समोर उभे राहून बोलणे यांतला फरक सत्तेला बरोबर समजतो.

आता संविधानाकडे येऊ. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत केले. इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले, हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांनी. पाने सजवण्याचे काम नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांकडे आले. उद्देशिकेचे पान जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजवले. कोपऱ्यात त्यांची राम अशी छोटी सही आहे. मूळ संविधानाचे बावीस भाग आणि प्रत्येक भागाच्या आरंभी एक चित्र. मोहेंजोदडोच्या बैलापासून सुरुवात होते. गुरुकुल, रामायण, महाभारत, तथागत बुद्ध, महावीर, सम्राट अशोक, नालंदा विद्यापीठ, नटराज, अकबर, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग, टिपू सुलतान आणि राणी लक्ष्मीबाई, गांधी, सुभाषचंद्र असा प्रवास करत शेवटी हिमालय, वाळवंट आणि समुद्र येतो.

वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे या चित्रांबद्दल केला जाणारा दावा आम्ही कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहिला आहे. मूलभूत हक्कांच्या भाग ३ वर राम, सीता, लक्ष्मण यांचे चित्र आहे, म्हणून संविधानाचा आत्मा रामराज्याचा आहे, असे सांगितले जाते. हा नियम मान्य केला तर तो सगळ्या पानांना लावावा लागेल. भाग ५ वर बुद्धाचे चित्र आहे. त्या भागात राष्ट्रपती, संसद आणि सर्वोच्च न्यायालय येतात. मग ही तिन्ही पदे बुद्धाच्या धम्माने चालतात, असे हे लोक मान्य करतील काय? संघराज्याच्या सेवांच्या भाग १४ वर अकबर आहे. विशिष्ट वर्गांसाठीच्या खास तरतुदींच्या भाग १६ वर टिपू सुलतान आहे. ज्या टिपूचे नाव रस्त्याला द्यायला यांचा विरोध, तो आरक्षणाच्या पानावर आहे. त्याचा अर्थ हे काय लावणार? एक चित्र निवडायचे आणि एकवीस झाकायची, हा वकिली युक्तिवाद नाही, ही हातचलाखी आहे.

आणखी एक गोष्ट. अशोकाचे चित्र भाग ७ वर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ पासून, सातव्या घटनादुरुस्तीने भाग ७ संपूर्ण वगळला गेला. कायदा गेला, अशोकाचे चित्र मूळ प्रतीत तसेच राहिले. भाग ९ वर विक्रमादित्याचा दरबार आहे. तोही भाग त्याच दुरुस्तीने गेला आणि १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने त्या क्रमांकावर पंचायतींचा भाग आला. भाग ४-क, ९-क, १४-क हे नंतर जोडले गेले, त्यांना चित्रच नाही. त्यांची सक्ती चित्राअभावी कमी होत नाही. यावरून उघड होते की संविधान सभेने मतदान करून स्वीकारले ते शब्द, आणि न्यायालयाने अर्थ लावायचा तोही शब्दांचा. चित्रे ही त्या ग्रंथाला कलावंतांनी चढवलेला साज आहे. साज सुंदर आहे, जपण्यासारखा आहे, पण तो कायदा नाही.

रामाच्या चित्राने सुरू होणाऱ्या भाग ३ मध्येच अनुच्छेद १७ आहे, अस्पृश्यता नष्ट करणारा. शंबूकाची कथा आपल्याला ठाऊक आहे. चित्राने जे सांगितले नाही ते अनुच्छेदाने सांगितले. नागरिकत्वाच्या भागावर गुरुकुल आहे, आणि एकलव्याला गुरुकुलाबाहेर ठेवले होते. त्याच भागाने मात्र जात न विचारता नागरिकत्व दिले. या चित्रमालिकेत जोतीराव फुले नाहीत, सावित्रीबाई नाहीत, चवदार तळे नाही. राणी लक्ष्मीबाई आहे, झलकारीबाई नाही. ज्यांच्या लेखणीने मसुदा घडला त्या बाबासाहेबांचेही चित्र नाही. हा राष्ट्रवादी इतिहासाचा त्या काळचा आरसा आहे. तो जसा आहे तसा वाचावा. त्याच्यापुढे नमस्कार करण्याची गरज नाही, त्याला फेकून देण्याचीही नाही.

१९५४ साली पद्म पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच वर्षी नंदलाल यांना पद्मविभूषण मिळाला. तेच १९५४ साल आपल्या भंडाऱ्याने पाहिले आहे. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब येथून उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला. संविधानाची पाने सजवणाऱ्याला सन्मान आणि संविधान लिहिणाऱ्याला लोकसभेबाहेर ठेवणे, हे एकाच राजवटीत आणि एकाच वर्षात घडले. बाबासाहेबांना भारतरत्न मिळायला १९९० उजाडले. नंदलाल त्या सन्मानास पात्र होते यात वाद नाही. वाद आहे तो सत्तेच्या दृष्टीबद्दल.

१६ एप्रिल १९६६ रोजी नंदलाल बोस यांचे निधन झाले. त्यांची हजारो चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. शांतिनिकेतनात त्यांच्या जयंतीच्या सुमारास दरवर्षी नंदन मेळा भरतो, तेथे विद्यार्थी-शिक्षक आपल्या हातच्या वस्तू विकतात आणि तो पैसा गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरला जातो.

या आयुष्यापासून चळवळीने काय घ्यावे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे वस्तीवस्तीत पेंटर आहेत. निळा कोट, हातात संविधान, उंचावलेले बोट असे बाबासाहेब त्यांनी भिंतीभिंतीवर जिवंत ठेवले. फ्लेक्सच्या छपाईने त्यांचे काम हिरावून घेतले. आपण त्यांना कलावंत म्हणून कधी मंचावर बसवले नाही. दुसरीकडे शाळांतून ड्रॉइंग मास्तर नाहीसा होत चालला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त पट असेल तरच कलेसाठी निदेशक द्यायचा, तोही अर्धवेळ, अशी तरतूद केली. आपली मुले शिकतात त्या लहान गावांच्या शाळा शंभराच्या आत असतात. म्हणजे गरिबाच्या मुलाला चित्रकला मिळायचीच नाही. एखादा रामकिंकर आपल्या वस्तीत जन्मला तर त्याला ओळखणारा मास्तर कुठून यायचा?

आमचे म्हणणे असे आहे. आपल्या जिल्ह्यात पवनी आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप आणि कोरीव काम केलेले दगडी स्तंभ सापडले. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे नाव तेथील शिल्पावर कोरलेले मिळाले. नंदलाल रेषा शिकायला अजिंठ्याला आले, आपल्या मुलांना तर आपला वारसा घरच्या अंगणात आहे. विहार समित्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा मुले आणि एक पेंटर पवनीला न्यावा, वह्या-पेन्सिली द्याव्यात, बसवावे आणि काढू द्यावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची फी ज्यांना भरता येत नाही, त्यांची फी जयंतीच्या वर्गणीतून भरावी. लहान शाळांना चित्रकला शिक्षक मिळावा म्हणून ग्रामसभेत ठराव घ्यावेत आणि ते जिल्हा परिषदेकडे पाठवावेत. आणि येत्या २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे वाचन झाल्यावर बावीसही चित्रे लोकांपुढे ठेवून प्रत्येक चित्राखालच्या भागात कोणते हक्क आणि कोणत्या तरतुदी आहेत, ते समजावून सांगावे. महाड, नाशिक, मनमाड, नागपूर यांची चित्रे अजून व्हायची आहेत. ती आपल्याच मुलांनी काढली पाहिजेत.

जयभीम.